नर्सिंगमध्ये पीएच.डी. करायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी. नर्सिंग झाली आहे, वॉर्डात किंवा कॉलेजात काही वर्षं काढली आहेत आणि आता पीएच.डी.चा विचार मनात घोळतो आहे, अशांसाठी हे पान आहे. महाराष्ट्रातल्या स्टाफ नर्स, ट्यूटर आणि लेक्चरर मंडळी जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. विद्यापीठागणिक नियम थोडे बदलतात, तेव्हा अर्ज भरायच्या वर्षीची अधिसूचना वाचायचीच. बाकी गोष्टी मात्र कुठेही गेलात तरी त्याच राहतात.

एम.एस्सी.ला डेझर्टेशन केलंच होतं. पीएच.डी.त वेगळं काय?

एम.एस्सी.चं डेझर्टेशन म्हणजे संशोधनाची रीत शिकणं. विषय साधा असला, निष्कर्ष आधीच माहीत असला तरी चालतं, कारण तिथे शिकणं महत्त्वाचं. पीएच.डी.त अशा प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं, जे आज कुणाकडेच नाही. निदान आपल्या रुग्णांपुरतं तरी नाही. आणि ते उत्तर इतक्या काटेकोर पद्धतीने मिळवायचं की दुसऱ्या गावातल्या सिस्टरला त्यावर विसंबून आपली पद्धत बदलता यावी. एवढं उमगलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

पात्रता काय लागते?

एम.एस्सी. नर्सिंगला ५५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्क्यांची सूट आहे. राज्य नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू हवी. नूतनीकरण राहिलं असेल तर ते आधी करून घ्या. ऐन मुलाखतीच्या तोंडावर कागद जमवताना फार धावपळ होते.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएच.डी.विषयीचे सध्याचे नियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले. चार वर्षांच्या पदवीनंतर ७५ टक्क्यांवर थेट पीएच.डी.ची वाट त्यात आहे आणि तेव्हापासून बी.एस्सी. नर्सिंगच्या मुली त्याबद्दल विचारू लागल्या आहेत. पण नर्सिंगमध्ये प्रवेश देताना एम.एस्सी.च मागतात असं धरून चाला. माझ्या मते ते योग्यही आहे. विशेष शाखेतला अनुभव नसेल तर प्रश्न कुठून सुचणार?

जी.एन.एम. (नर्सिंगची पदविका), मग पोस्ट बेसिक (पदविकेनंतरची बी.एस्सी.), मग एम.एस्सी. असा माझा प्रवास आहे. मला चालेल का?

चालेल. पदव्युत्तर पदवी मान्यताप्राप्त असली की झालं. इतक्या वळणांनी आलेल्या बायकांकडे वॉर्डाचा जो अनुभव असतो, तो संशोधनात फार उपयोगी पडतो.

प्रवेश परीक्षा कशी असते?

यूजीसीच्या नियमांप्रमाणे प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. नंतर मुलाखत. विद्यापीठाची स्वतःची परीक्षा असेल तर लेखीला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्वतःची परीक्षा असते, तिला सगळे ‘पेट’ म्हणतात. यूजीसी-नेटच्या विषययादीत नर्सिंग नाही, त्यामुळे तो मार्ग आपल्याला फारसा कामाचा नाही.

तयारीचं म्हणाल तर एम.एस्सी.ची संशोधन आणि संख्याशास्त्राची पुस्तकं पुन्हा काढा. नुसत्या व्याख्या पाठ करून मात्र भागत नाही. अमुक प्रश्नाला कोणता आराखडा, अमुक माहितीला कोणती चाचणी आणि का, हे सांगता आलं पाहिजे.

कुठे करावी?

महाराष्ट्रात नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि त्याची मान्यताप्राप्त केंद्रं हा सरळ मार्ग. पुण्याचं भारती विद्यापीठ, कराडचं कृष्णा, लोणीचं प्रवरा, सावंगी-मेघेचं दत्ता मेघे या अभिमत विद्यापीठांतही नर्सिंगची पीएच.डी. होते. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर दिल्लीचं एम्स, आणि मानसिक आरोग्य शाखेच्या लोकांसाठी बंगळुरूचं निम्हान्स.

याशिवाय नॅशनल कन्सॉर्टियम आहे. भारतीय नर्सिंग परिषदेने बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळावर २००५-०६ मध्ये ते सुरू केलं. त्या काळी नर्सिंगचे गाइड, म्हणजे पीएच.डी.चे मार्गदर्शक, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. देशभरातले मोजके गाइड आणि केंद्रं एका छत्राखाली आणली तर कुठल्याही राज्यातल्या नर्सला डॉक्टरेट करता येईल, हा त्यामागचा विचार. आज आपल्या कितीतरी कॉलेजांत डॉक्टरेट झालेल्या प्राचार्या दिसतात, त्यात या उपक्रमाचा वाटा मोठा आहे.

नियामक संस्थांचीही घडी बदलते आहे. १९४७च्या नर्सिंग परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला. त्यामुळे जुन्या परिपत्रकांवर भिस्त ठेवू नका.

मला विचाराल तर विद्यापीठाच्या नावाआधी तीन गोष्टी बघा: तुमच्या विषयातला गाइड आहे का, संलग्न रुग्णालयात तुम्हाला हवे तसे रुग्ण आहेत का, आणि ग्रंथालयातून जर्नल्स खरोखर उघडतात का.

नोकरी सांभाळून होते का?

होते. अर्धवेळ पीएच.डी.ला यूजीसीची मुभा आहे. नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. अभ्यासाला परवानगी आहे, कामातून पुरेसा वेळ मिळेल आणि कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास मोकळं केलं जाईल, असं त्यात लिहिलेलं असावं लागतं. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. मात्र चालत नाही. ‘घरबसल्या नर्सिंग डॉक्टरेट’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

कागदावर जमलं तरी अंगावर किती काम येतं हेही स्पष्ट सांगायला हवं. शिफ्ट ड्युटी करणाऱ्या सिस्टरला सर्वांत अवघड जातं ते सलग वेळ मिळणं. नाइट उतरून आल्यावर वाचन होत नाही, झोपच लागते. ज्यांची पीएच.डी. पार पडते, त्यांनी बहुतेक आठवड्यातला एक ठरावीक ऑफ अभ्यासाला राखलेला असतो आणि घरच्यांनाही तो पाठ झालेला असतो. इन्चार्ज सिस्टरला आणि मेट्रनना सुरुवातीलाच विश्वासात घ्या. ड्युटी लिस्ट त्यांच्या हातात असते.

किती वर्षं लागतात?

कोर्सवर्क धरून कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. पुनर्नोंदणी करून आणखी २ मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २, म्हणजे १० वर्षांची कमाल मर्यादा. शिवाय बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळण्याची तरतूद आहे. नर्सिंगमध्ये बहुसंख्य बायका, त्यामुळे हे नियम आपल्यासाठीच आहेत असं समजा आणि निःसंकोच वापरा. हक्काची रजा घेताना अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही.

लग्न, मूल, सासू-सासऱ्यांचं आजारपण... हे सगळं असताना सुरू करावी का?

मोकळा काळ कधीच येत नाही. मुलगा दहावीला गेला की, सासूबाईंचं ऑपरेशन झालं की, असं म्हणता म्हणता वर्षं जातात. फक्त एक सांभाळा. डेटा गोळा करायचे महिने घरातल्या मोठ्या कार्याशी किंवा बोर्डाच्या परीक्षेशी भिडू देऊ नका. वाचन, लेखन मागेपुढे करता येतं. रुग्णांना ठरलेल्या सातव्या दिवशी भेटायचं म्हटलं की भेटावंच लागतं.

कोर्सवर्कमध्ये काय असतं?

कमीत कमी १२ क्रेडिट्स. संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, विषयाचं प्रगत वाचन आणि संशोधन व प्रकाशनातील नीतिमत्ता. ५५ टक्के मिळवावे लागतात, त्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा भाग एकदाचा उरकायचा म्हणून करू नका. संख्याशास्त्राची भीती इथेच गेली तर गेली.

गाइड कसा निवडू?

यूजीसीच्या मर्यादेनुसार प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसरला ६ आणि असिस्टंट प्रोफेसरला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे जागा किती रिकाम्या आहेत, हे आधी विचारा.

मग त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी बोला. कॉलेजच्या आवारात नको, फोनवर बोला. लिहिलेलं पान किती दिवसांत तपासून मिळतं? मतभेद झाला तर ऐकून घेतात का? स्वतःच्या कामासाठी राबवून घेतात का? मोठ्या नावाचा पण कधीच न सापडणारा गाइड घेण्यापेक्षा, पान पान वाचणारी साधी मॅडम शंभरपटीने बरी. विषयातलं ज्ञान दुसरीकडूनही मिळवता येतं. तुमच्या कामाला दिलेला वेळ मात्र त्यांच्याकडूनच मिळायचा असतो.

मॅडम, विषय कुठला घेऊ?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही हाच.

शोधगंगा हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं प्रबंधांचं भांडार सर्वांना खुलं आहे. तिथे नर्सिंग शोधा. ‘अमुक गटाच्या तमुक विषयावरील ज्ञानावर संरचित शिकवणी कार्यक्रमाची परिणामकारकता’ या साच्याची शीर्षकं ओळीने दिसतील. प्रश्नावली द्यायची, शिकवायचं, सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची. गुण वाढतात, टी-टेस्ट (सरासरीतला फरक तपासणारी चाचणी) लक्षणीय येते, प्रबंध पूर्ण होतो. पण आठवड्यापूर्वी शिकवलेलं आठवड्याने आठवतं, हे सिद्ध करायला डॉक्टरेट कशाला हवी? त्या आईने बाळाला खरंच पोटाशी धरलं का, त्या रुग्णाने पायाची जखम रोज पाहिली का, त्या वॉर्डातले दाबव्रण कमी झाले का, हे प्रश्न तसेच राहतात. आपल्या व्यवसायाची वर्षानुवर्षांची मेहनत या साच्यात अडकून पडली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण आपल्याइतका वेळ रुग्णाच्या उशाशी कुणीच घालवत नाही. चोवीस तासांत डॉक्टरांचा राउंड दोनदा होतो, बाकी सगळं आपण पाहतो.

म्हणून विषय शोधायला ग्रंथालयात जायच्या आधी आपल्या वॉर्डात बघा. कुठली गोष्ट वर्षानुवर्षं खटकते आहे? दर दोन तासांनी कूस बदलायची असं आपण शिकवतो. पण रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असताना ते होतं का? होत नसेल तर कुणाची कूस आधी बदलायची, हे ती कशावरून ठरवते? रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) खाऊ घालणं सर्रास नातेवाइकांवर सोपवलं जातं. त्यांना कोण शिकवतं, आणि काय चुकतं? आठवड्यातून दोनदा-तीनदा एस.टी.ने डायलिसिसला येणारा माणूस घरी फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी हातावर केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडाची, काळजी कशी घेतो? शिफ्ट बदलताना ओव्हर देण्यात, म्हणजे पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवण्यात, नेमकी कोणती माहिती गळते? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये राज्यभर गाजल्या, समिती नेमली गेली. पण शस्त्रक्रियेनंतर फडावर परतलेल्या बाईच्या कंबरदुखीचं, थकव्याचं, हाडांचं पुढे काय होतं, हा अस्सल नर्सिंगचा प्रश्न आहे. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या रुग्णांचंही तसंच. वेदनेचा झटका येतो तेव्हा घरात पहिल्या काही तासांत काय केलं जातं?

जमिनीवरचा प्रश्न किती दूर जाऊ शकतो, याची दोन उदाहरणं सांगते. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्यापैकी फारच थोड्यांची आधी कधी तशी तपासणी झाली होती. तोवर जगभर गावातल्या स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जात होतं. दुसरं उदाहरण लिंडा एकन यांचं. त्या मूळच्या नर्स. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून त्यांनी २००२ मध्ये दाखवलं की एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये ३० दिवसांत मृत्यू होण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढतो. ‘स्टाफ कमी आहे हो’ असं आपण रोज म्हणतो. त्यांनी ते मोजलं, आणि मग धोरण ठरवणाऱ्यांना ऐकावं लागलं.

विषय पक्का करण्याआधी एक करून पाहा. तुमचा निष्कर्ष समजा ‘हो’ आला, तर वॉर्डात काय बदलेल ते लिहा. ‘नाही’ आला तर काय बदलेल तेही लिहा. दोन्हीकडे ‘काहीच नाही’ आलं तर विषय सोडा.

१०० रुग्ण घेतले तर चालतील का?

आकडा गोल आहे म्हणून चालत नाही. किती फरक पडला तर तो रुग्णाच्या दृष्टीने कामाचा, ते आधी ठरवायचं. मग नमुना किती ते निघतं. दोन गटांच्या सरासरीतला मध्यम फरक, म्हणजे प्रमाणित एककात ०.५, पकडायचा असेल, ५ टक्के लक्षणीयता पातळी (फरक नसताना तो आहे असं दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (फरक खरंच असेल तर तो पकडण्याची शक्यता) धरली, तर प्रत्येक गटात सुमारे ६४ जण लागतात. त्यातले १५ टक्के मध्येच गळतील असं धरलं तर ७६ घ्यावे लागतील. फरक निम्मा पकडायचा असेल तर नमुना चौपट होतो.

आपल्या क्षेत्रात आणखी एक अडचण येते. एका कॉटवरच्या रुग्णाला नवीन पद्धत आणि शेजारच्या कॉटला जुनी, असं केलं की दुपारपर्यंत दोघांचे नातेवाईक एकमेकांना सगळं सांगून मोकळे होतात. अशा वेळी आख्खे वॉर्ड किंवा आख्खी गावंच गटात वाटावी लागतात, आणि मग नमुना आणखी वाढतो. म्हणून संख्याशास्त्रज्ञाकडे सिनॉप्सिस (विद्यापीठाला द्यायचा संशोधनाचा आराखडा) लिहायच्या आधी जा. डेटा गोळा झाल्यावर गेलात तर तो फारसं काही करू शकत नाही.

इंग्रजी टूल, म्हणजे मोजमापाची प्रश्नावली, मराठीत आणलं की झालं का?

नाही, आणि कित्येक चांगले अभ्यास इथेच कच्चे राहतात.

समजा बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर काम आहे आणि तुम्ही एडिनबरा पट्टी वापरणार आहात. ती १९८७ची, १० प्रश्नांची, मागच्या सात दिवसांबद्दल विचारणारी. पहिलं काम म्हणजे तिचं मराठी रूप आधी कुणी तपासून घेतलं आहे का ते शोधणं, आणि वापराच्या परवानगीच्या अटी वाचणं. नव्याने करायचं असेल तर दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचं, दोन्ही ताडून एक करायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने ते परत इंग्रजीत न्यायचं, मग तज्ज्ञांनी बसून फरक मिटवायचे. त्यानंतरचा टप्पा सगळे घाईत उरकतात. दहा-पंधरा बाळंतिणींसमोर बसून प्रत्येक प्रश्नाला ‘तुम्हाला यातून काय कळलं?’ असं विचारायचं. पुस्तकी मराठीत ‘चिंताग्रस्त’ लिहिलेलं असतं, बाई मात्र सांगते, ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं जड पडतं’. मेळघाटात घरात कोरकू बोलतात, गडचिरोलीत गोंडी-माडिया, नंदुरबारला भिली-पावरी. तिथे प्रमाण मराठीतली प्रश्नावली देऊन आलेल्या उत्तरांवर कितपत विश्वास ठेवायचा?

पर्यायांचंही तसंच. ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशी पाच घरं शहरातल्या शिकलेल्या माणसाला सवयीची असतात. खेड्यातली आजी प्रत्येक प्रश्नाला ‘हो बाई’ म्हणते. ० ते १० च्या वेदनापट्टीवर अडखळणारे म्हातारे बाबा ‘बारा आणे कमी झालंय’ हे पटकन सांगतात. असं काही वापरायचं तर तेही रीतसर तपासून घ्यावं लागतं, पण ते तपासणं हेच किती छान संशोधन आहे!

एडिनबरा पट्टीचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला ‘हो’ आलं तर त्याच दिवशी ती बाई कुणाकडे जाईल, तिच्यासोबत कोण असेल, हे डेटा सुरू करण्याआधी लिहून ठेवलेलं हवं. आपण संशोधक असलो तरी आधी नर्स आहोत.

एथिक्स कमिटीची परवानगी केव्हा लागते?

पहिल्या रुग्णाशी बोलायच्या आधी, आणि पायलट स्टडीच्या, म्हणजे छोट्या पूर्वचाचणीच्याही आधी. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत, साध्या शब्दांत हवं. सही न करता येणाऱ्याचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो. तो साक्षीदार तुमच्या गटातला असून चालत नाही.

वॉर्डात सिस्टरने विचारलं तर नाही म्हणणं रुग्णाला जड जातं, हे लक्षात ठेवा. आपण ज्यांना औषध देतो, ज्यांची बेडशीट बदलतो, त्यांची संमती शक्यतो दुसऱ्या कुणाकडून घ्या.

तुमच्या अभ्यासात रुग्णांवर काही उपाय करून पाहायचा असेल, मग ते मसाज असो, श्वसनाचे व्यायाम असोत वा समुपदेशन, तर तो सी.टी.आर.आय.मध्ये, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदवायचा. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. ही आधीची नोंदणी हुकली तर चांगली जर्नल्स पेपर घेत नाहीत.

गुणात्मक संशोधन केलं तर ‘हा नुसता निबंध आहे’ असं म्हणतात. काय करू?

मुलाखती, निरीक्षणं यांवर आधारलेलं असं संशोधन खुशाल करा, पण पद्धतीला धरून. ग्राउंडेड थिअरी, म्हणजे गोळा केलेल्या माहितीतूनच सिद्धांत बांधणारी, आज जगभर वापरली जाणारी पद्धत ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांडली. ते दोघे सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलमध्ये काम करत होते आणि रुग्णालयात मरणासन्न माणसांभोवती काय घडतं याचा अभ्यास करत होते. म्हणजे ही पद्धत रुग्णालयाच्या वॉर्डांतून वर आली आहे. मुलाखती शब्दशः उतरवा, कोडिंगची (उत्तरांतल्या मुद्द्यांना नावं देऊन गट पाडण्याची) प्रत्येक पायरी जपून ठेवा, आपले पूर्वग्रह आधीच लिहून काढा. कमिटीने विचारलं की कागद पुढे ठेवता आले पाहिजेत.

पैसे किती लागतात? फेलोशिप मिळते का?

फी संस्थेगणिक इतकी वेगळी असते की इथे आकडा देण्यात अर्थ नाही. फीशिवाय टूलची परवानगी, तपासण्या, प्रवास, छपाई हा खर्च धरा.

राज्य सरकारच्या संस्थांपैकी बार्टी अनुसूचित जातींच्या, सारथी मराठा-कुणबी समाजाच्या आणि महाज्योती ओबीसी, विमुक्त-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गाच्या संशोधकांना फेलोशिप देते. त्या पूर्णवेळ संशोधकांसाठी असतात, पगारी नोकरी चालू ठेवून मिळत नाहीत. नर्सिंगच्या मुली तिथे अर्जच करत नाहीत. आपला विषय तिथे बसणार नाही असं मनाशी धरून बसू नका, जाहिरात काढून वाचा.

पेपर छापावे लागतात का?

यूजीसीच्या २०२२च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती राहिली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. सक्ती नसली तरी छापा, कारण पाचशे पानांचा प्रबंध कुठलीच इन्चार्ज सिस्टर वाचणार नाही, चार पानांचा लेख वाचेल. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलकडे जाऊ नका.

प्लेजरिझम किती टक्के चालतं?

यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारून पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. पण सॉफ्टवेअरला जे सापडत नाही तेही उसनंच असतं. एआयकडून लिहून घेतलेल्या परिच्छेदांत अस्तित्वातच नसलेले संदर्भ येतात, आणि परीक्षकाने एक जरी शोधून पाहिला तरी सगळ्या प्रबंधावरचा विश्वास उडतो.

थिसिस लिहून देणारे, डेटा ‘बसवून’ देणारे असतात. सगळेच घेतात म्हणे.

सगळे घेत नाहीत. संख्याशास्त्राचा सल्ला घ्या, भाषा तपासून घ्या, त्यात काही गैर नाही. पण न भेटलेल्या रुग्णांचे आकडे तयार करणं म्हणजे न दिलेलं औषध चार्टवर दिलं म्हणून सही करणं. ज्या कामासाठी वॉर्डात आपण कुणालाही माफ करणार नाही, ते प्रबंधात चालवून घ्यायचं नाही.

मी पुरुष आहे. प्रसूतिशास्त्र शाखेत संशोधन करता येईल का?

नियमाने अडचण नाही. मुलाखती आणि तपासणीसाठी स्त्री सहकारी घ्या आणि तसं सिनॉप्सिसमध्ये लिहा. बाळाच्या वडिलांचा सहभाग, आजीचा निर्णयातला वाटा यांवर पुरुष संशोधकाला मोकळी उत्तरं मिळू शकतात. ब्रदर मंडळींनी मागे राहू नये.

पीएच.डी. झाल्यावर पगार, बढती?

नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्य आणि प्रोफेसर पदांच्या निकषांत पीएच.डी. बराच काळ ‘इष्ट’ राहिली आहे. निवडीत मात्र तिने मोठा फरक पडतो, आणि अभिमत विद्यापीठांत वर जायचं तर ती लागतेच. रुग्णालयात काम करणाऱ्या सिस्टरला मात्र आपल्याकडे डॉक्टरेटनंतरही बहुधा तेच पद आणि तोच पगार राहतो. हे बदललं पाहिजे. बेडसाइडला संशोधन करणाऱ्या नर्सचं पद मोठ्या रुग्णालयांत असायला हवं, आणि ते मागायला संघटनांनी पुढे यायला हवं.

नावाआधी ‘डॉ.’ लावता येतं का?

येतं, तुम्ही ते कमावलेलं आहे. रुग्णासमोर मात्र ‘मी नर्स आहे’ हे स्पष्ट सांगा.

डी.एन.पी. आणि पीएच.डी. एकच का?

नाही. डी.एन.पी. ही अमेरिकेतली प्रत्यक्ष रुग्णसेवेतली डॉक्टरेट. उपलब्ध पुरावा वॉर्डात कसा वापरायचा यावर तिचा भर. पीएच.डी. नवा पुरावा तयार करते. परदेशी पीएच.डी.चं म्हणाल तर अमेरिकेत आधी दोनेक वर्षं वर्ग, मग संशोधन, आणि अनेक ठिकाणी आर.एन. (तिथल्या नोंदणीकृत नर्सचा) परवाना मागतात. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात पहिल्या दिवसापासून संशोधन, म्हणून प्रस्ताव पक्का नेऊनच गाइडला लिहावं लागतं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पीएच.डी.साठीही मिळते.

व्हायवात काय विचारतात?

प्रबंध गाइडशिवाय निदान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात, मग खुली तोंडी परीक्षा होते. ही सगळी प्रक्रिया सादर केल्यापासून ६ महिन्यांत संपावी, असा नियम आहे. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात: हाच आराखडा का, हाच नमुना का, निकाल उलटा आला असता तर काय म्हटलं असतं, कमतरता कोणत्या. कमतरता लपवू नका. तुमच्या अभ्यासाबद्दल त्या खोलीत तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, तेव्हा सावकाश बोला.

त्याआधी, प्रबंध बांधायला टाकताना, निष्कर्षांचं दोन पानी मराठी टिपण तयार करा. एक प्रत त्या वॉर्डाच्या इन्चार्जला, एक मेट्रनना, गावात काम केलं असेल तर एक उपकेंद्रातल्या एएनएम ताईंना आणि आशांना. ज्यांनी उत्तरं दिली त्यांना काय सापडलं ते कळवायचं आहे, हे संमतीपत्रातच लिहून ठेवा, म्हणजे पत्ते आणि फोन नंबर जपायची परवानगीही तेव्हाच मिळते.